दूषित जमिनीची सफाई : लोकांना विचारायचं ते नेमकं कधी?

पाणवठा

नमस्कार मंडळी,

कारखाना बंद पडतो, मालक निघून जातो, जमिनीत मुरलेलं विष मात्र तिथेच राहतं. ते उपसायचं की झाकायचं, किती उपसायचं, कुठे नेऊन टाकायचं, हे सरकार ठरवतं. या निर्णयात तिथे राहणाऱ्यांचा वाटा किती असावा आणि कुठल्या टप्प्यावर असावा, यावर तुमची मतं हवी आहेत.

नवा प्रकल्प येतो तेव्हा निदान रीत ठरलेली आहे. आपल्या २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेत जनसुनावणी आहे, तिची ३० दिवस आधी नोटीस निघते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, सगळ्याचं चित्रीकरण होतं. जुनी घाण काढताना मात्र कुणाला, कधी, कसं विचारायचं याचा पत्ता लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकांना बोलावतात ते आराखडा छापून झाल्यावर. तोवर नमुने कुठून घ्यायचे ते ठरून गेलेलं असतं. किती विष उरलं तरी चालेल तो आकडा ठरलेला असतो. त्या जागेवर पुढे घरं होणार की गोदामं, हेही ठरलेलं असतं. मग सभेत उठून बोलणाऱ्याच्या हाती फार थोडं उरतं.

तुमच्यापैकी कुणी अशा बैठकांना गेलं असेल किंवा याच कामात असेल तर सविस्तर लिहा. तुमच्या बोलण्याने खरोखर काही बदललं का?

सरळरेष

मी जरा विरोधी सूर लावतो. भूजलात उतरलेलं द्रावक (तेल-ग्रीस विरघळवणारं कारखान्यातलं रसायन) हरकती-सूचनांची मुदत संपायची वाट बघत नाही, ते उताराच्या दिशेने सरकत राहतं. आज एका हद्दीत असलेला डाग काही वर्षांत पलीकडच्या विहिरींत पोचतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

शिवाय विषय साधा नाही. ट्रायक्लोरोइथिलीनसारखं द्रावक पाण्यापेक्षा जड असतं. ते खाली खाली जात खडकाच्या भेगांत बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहतं. ते कुठे आहे हे भूजलशास्त्रज्ञच सांगू शकतो, सभेत हात वर करून ते कळत नाही. लोकांना माहिती द्या, दर महिन्याला द्या, पण निर्णय जाणकारांनी घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

विहीरवाली

सरळरेष, तुमची काळजी खरी आहे. तरी आमचा अनुभव सांगते.

घरामागे रंगद्रव्यांचा कारखाना होता, आता बंद आहे. नावगाव मुद्दाम लिहीत नाही. तपासणीसाठी माणसं आली तेव्हा त्यांच्याकडे चौकटी आखलेला नकाशा होता. प्रत्येक चौकटीच्या मध्यावर खूण, तिथेच खणायचं. माझ्या सासूबाई कुंपणापाशी उभ्या राहून सांगत होत्या, "अरे बाबांनो, टँकर रात्रीचा मागच्या अंगाला रिकामा व्हायचा, त्या बाभळीच्या पलीकडे. तिकडे बघा की." तिकडे खूणच नव्हती. पोरं भली होती बिचारी. म्हणाली, "आजी, आम्हाला जेवढे पॉइंट दिलेत तेवढेच घेता येतात."

पुढे बरेच अर्ज केल्यावर तिथे एक जादा बोअर घेतला. पाइपातून निघालेली माती त्यांनी पन्हळीत आडवी ठेवली. वरची हातभर नेहमीसारखी तांबूस. तिच्याखाली काळपट थर, आणि त्याखाली जांभळट निळी, ओलसर, साबणासारखी गुळगुळीत माती. त्या मुलाने पट्टीने ती मोडली तेव्हा आत तेलकट चमक होती, आणि वास असा सुटला की मी पदर नाकाला लावला. आराखड्यात तो तुकडा 'बाधित नाही' या रंगात होता. नंतर तो रंग बदलला.

सासूबाईंना रसायनशास्त्र येत नाही. पण टँकर कुठे उभा राहायचा हे कारखान्याच्या एकाही कागदात नव्हतं, ते त्यांनी बघितलेलं होतं.

रानजाई

ताई, अंगावर काटा आला वाचताना. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मातीपरीक्षक

मी प्रयोगशाळेत काम करतो. पाणवठा म्हणतात ते अगदी बरोबर आहे, निम्मा निकाल नमुना घेतानाच लागलेला असतो. काही गोष्टी लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

बऱ्याचदा पाच जागांची माती एकत्र कालवून एकच नमुना करतात, तपासणीचा खर्च वाचतो म्हणून. समजा चार जागी काहीच नाही आणि पाचव्या जागी किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसं आहे. कालवल्यावर अहवालात येतात १००. ती पाचवी जागा कागदावरून पुसली जाते आणि नेमकी तिथेच मुलं खेळत असतील तर? म्हणून अहवाल हातात आला की पहिला प्रश्न विचारा : नमुने सुटे होते की मिश्र?

दुसरं, 'आढळलं नाही' असं लिहिलेलं दिसलं की हायसं वाटतं. पण त्या रकान्याशेजारी शोधमर्यादा दिलेली असते, ती बघा. यंत्र ज्या पातळीच्या खालचं पकडूच शकत नाही ती पातळीच जर सुरक्षित मर्यादेच्या वर असेल, तर त्या 'आढळलं नाही'ला काडीचा अर्थ नाही.

पाण्यात द्रावक शोधायचं असेल तर बाटली काठोकाठ भरावी लागते, झाकण लावून उलटी केल्यावर आत हवेचा एकही बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा राहिला की द्रावक त्यात निसटतं आणि आकडा कमी येतो. बाटली थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. हे बघायला पदवी लागत नाही, शेजारी उभं राहू दिलं की पुरे. आणि एकाच नमुन्याचे दोन भाग करून एक सीलबंद भाग रहिवाशांना द्यावा, म्हणजे त्यांना तो दुसरीकडे तपासता येतो. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात, हे मी स्वतः पाहिलंय.

चिंतनशील

+१. बुडबुड्याचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

जुना_नकाशा

विहीरवालींच्या सासूबाईंसारखीच गोष्ट जगभर गाजली आहे. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातला लव्ह कॅनॉल. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात एका अर्धवट खणलेल्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. सत्तरच्या दशकात तळघरांत काळं पाणी झिरपायला लागलं.

लोइस गिब्ज ही तिथली एक गृहिणी. तिने दारोदार जाऊन आजारपणं, गर्भपात, जन्मतः व्यंगं यांची नोंद केली आणि नकाशावर खुणा केल्या. खुणा वाटेल तशा पसरलेल्या नव्हत्या. बुजवून टाकलेल्या जुन्या ओहोळांच्या रेषेत त्यांची गर्दी होती. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंनी ते गांभीर्याने घेतलं. राज्याच्या आरोग्य खात्याने मात्र बायकांनी गोळा केलेली माहिती म्हणून ती झटकून टाकली.

ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, आधी कालव्यालगतची २३९ कुटुंबं हलवली. बाकीच्यांना सांगितलं की तुम्ही सुरक्षित आहात. ते आणखी दोन वर्षं लढले. १९८० च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी दुसऱ्यांदा आणीबाणी जाहीर केली तेव्हा त्यांचं स्थलांतर झालं. त्याच वर्षी डिसेंबरात सुपरफंड कायदा आला. ज्याने घाण केली त्याने खर्च भरायचा, तो सापडला नाही तर निधीतून सफाई करायची, अशी त्याची रचना.

मला त्यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. कालव्याभोवती चर खणायचं काम सुरू होणार होतं तेव्हा रहिवाशांनी विचारलं, खणताना विषारी वाफ बाहेर आली तर आम्ही पळायचं कसं? आणि काम चालू असताना बस तयार ठेवायला लावल्या. चराची रचना अभियंत्यांनीच केली. हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता, कारण त्यांची मुलं त्या रस्त्यावर झोपत नव्हती.

सरळरेष

जुना_नकाशा, छान लिहिलंत. पण त्याच प्रकरणात मे १९८० मध्ये रहिवाशांच्या गुणसूत्रांची एक पाहणी जाहीर झाली. तिला धड तुलनागट नव्हता, तज्ज्ञांनी तिच्यावर सडकून टीका केली. तोवर लोक हादरून गेले होते आणि त्यांनी पर्यावरण संस्थेच्या दोन अधिकाऱ्यांना काही तास घराबाहेर पडू दिलं नाही. कच्च्या विज्ञानाने माणसं किती होरपळतात याचंही ते उदाहरण आहे.

जपानचं मिनामाताही बघा. कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने तिथले मासे आणि ते खाणारी माणसं आजारी पडली होती. उपसागराच्या तळाचा पारायुक्त गाळ उपसायचं काम १९७७ मध्ये सुरू झालं. काही रहिवासी कोर्टात गेले आणि काम थांबलं. १९८० मध्ये कोर्टाने त्यांची मागणी फेटाळली, मग काम पुढे सरकलं. पारा त्या सगळ्या काळात तळाशी तसाच पडून होता.

विहीरवाली

पण ते कोर्टात का गेले असतील? सफाई नको म्हणून तर नक्कीच नाही.

जुना_नकाशा

बरोबर ताई. गाळ ढवळला की पारा पुन्हा पाण्यात आणि माशांत जाईल, ही त्यांची भीती होती. आणि ती भीती कुठून आली ते पाहिलं पाहिजे. या आजाराची अधिकृत नोंद झाली १ मे १९५६ ला. १९५९ मध्ये त्या कारखान्याच्या मालक चिस्सो कंपनीने सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं आणि त्याचा मोठा गाजावाजा केला. त्या यंत्राने पारा निघतच नव्हता. सरकारने कारखान्याच्या पाऱ्यामुळेच हा आजार होतो असं मान्य केलं १९६८ मध्ये. बारा वर्षं. एवढं भोगलेल्या माणसांना "आता आम्ही नीट उपसतो, विश्वास ठेवा" असं सांगितलं तर ते कसा ठेवतील?

शेवटी किलोमागे २५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा असलेला गाळ उपसून, सुमारे ५८ हेक्टर भराव घालून त्याखाली कोंडला. काम १९९० मध्ये संपलं. काम चालू असताना पाण्याची गढूळता आणि मासे सतत तपासले जात होते. तो वेळ गेला असं तुम्ही म्हणता. माझ्या मते तो वेळ आधीच्या खोटेपणाने खाल्ला.

सरळरेष

हा मुद्दा मान्य. यंत्राची गोष्ट ऐकून होतो, पण तिचा पुढच्या खटल्याशी असा संबंध जोडला नव्हता. तरीही गुणसूत्रांच्या पाहणीबद्दल माझं मत कायम आहे.

कुंपणापलीकडे

सगळे 'रहिवाशांना विचारा' म्हणताय. कुठल्या रहिवाशांना?

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात ३३७ टन घातक कचरा चाळीस वर्षं पडून होता. २००७ च्या सुमारास तो अंकलेश्वरला जाळायचं ठरत होतं, गुजरातने नकार दिला. २०१२ मध्ये जर्मनीत नेण्याची बोलणी झाली, तिथल्या विरोधानंतर तीही बारगळली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली आणि १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर इंदूरजवळच्या पिथमपूरकडे, तिथल्या कचरा जाळायच्या भट्टीकडे निघाले. तिथे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. मग चाचण्या झाल्या आणि जूनच्या अखेरीस सगळा कचरा जाळून झाला.

मुदत पाळली गेली हे खरं. पण पिथमपूरच्या माणसाला हे कळलं ते कंटेनर दाराशी आल्यावर. भट्टीच्या धुराड्यात डायॉक्सिन (जळताना तयार होणारं विष) किती येतं, राख कुठे ठेवणार, खालच्या विहिरी कोण तपासणार, हे प्रश्न त्याने विचारायचे कधी? भोपाळच्या पीडितांच्या संघटनाही याच्या विरोधात होत्या, आमचं दुखणं दुसऱ्या गावाच्या गळ्यात बांधू नका म्हणून. मला त्यांच्याबद्दल विलक्षण आदर वाटतो.

आणि तो ३३७ टन म्हणजे जमिनीवरचा भाग. नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या २०१० च्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन होता. ती माती अजून तिथेच आहे.

अक्षांश

कुंपणापलीकडे, वाईट वाटतंय वाचून, पण एक सरळ प्रश्न. अंकलेश्वर नाही, जर्मनी नाही, पिथमपूर नाही. मग न्यायचं कुठे? प्रत्येक गाव नाहीच म्हणणार. कुणीतरी कधीतरी हो म्हणायलाच हवं ना?

रानजाई

अक्षांश, याचं एक उत्तर वॉरन काउंटीत सापडतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९७८ मध्ये पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं, सहजी न विघटणारं विषारी रसायन) मिसळलेलं तेल कुणीतरी चोरून सुमारे २४० मैल रस्त्यांच्या कडेला ओतलं. ती माती गोळा करून पुरायला राज्याने वॉरन काउंटीतली जागा निवडली. वस्ती गरीब आणि बहुतांशी कृष्णवर्णीय. १९८२ मध्ये लोक ट्रकांसमोर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती तरीही तिथेच पुरली गेली. पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीचा उगम बरेच जण या आंदोलनात मानतात.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. नव्वदच्या दशकात त्या खड्ड्यात पाणी साठल्याचं आढळलं. राज्याने रहिवासी आणि अधिकारी यांचा संयुक्त गट नेमला, त्या गटाला स्वतःचे तज्ज्ञ मिळाले. ती माती दुसऱ्या कुठल्या वस्तीजवळ नेऊन टाकण्याऐवजी जागच्या जागी तापवून पीसीबी काढून टाकायचं ठरलं, आणि ते काम २००३-०४ मध्ये पूर्ण झालं. ज्यांनी ट्रक अडवले त्यांनीच नंतर तोडगा ठरवायला मदत केली. 'नाही' म्हणणारी माणसं कायम नाहीच म्हणत राहतात असं नसतं. त्यांच्या हातात खरे पर्याय द्यावे लागतात.

अक्षांश

हे माहीत नव्हतं, आभार. जागच्या जागी प्रक्रिया महाग पडत असणार, पण वाहतुकीचा धोका तरी टळतो.

टिप्पणीकार

मी याच प्रकारच्या खात्यातून निवृत्त झालो. खुर्चीच्या पलीकडून हे कसं दिसतं ते सांगतो.

लोकांना उशिरा बोलावण्यामागे दर वेळी वाईट हेतू असतो असं नाही. अधिकाऱ्याला वाटतं, अर्धवट माहिती घेऊन लोकांसमोर गेलो तर घबराट होईल, पेपरात छापून येईल. म्हणून तो सगळं पक्कं होईपर्यंत थांबतो. आणि सगळं पक्कं झालं की त्याला बदल नको असतो, कारण सल्लागाराचं बिल निघालेलं असतं, मंजुरी वरून आलेली असते. मी अशा फायलींवर सह्या केल्या आहेत आणि अशा बैठकांत रिकाम्या खुर्च्याही पाहिल्या आहेत. बैठक सकाळी अकराला. रोजंदारीवरचा माणूस खाडा करून येणार कसा? अहवाल इंग्रजीत, परिशिष्टांसकट सहाशे पानं, बघायला मिळणार कार्यालयात बसून.

सुपरफंडमधल्या दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटतात. प्रस्तावित आराखड्यावर किमान ३० दिवस मतं मागवतात, आणि आलेल्या महत्त्वाच्या प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर अंतिम निर्णयाबरोबर छापावं लागतं. उत्तर लिहायला बसलं की अधिकाऱ्याला मुद्दा वाचावाच लागतो, हे मी अनुभवाने सांगतो. दुसरी म्हणजे १९८६ पासून तिथे रहिवाशांच्या गटाला स्वतःचा तांत्रिक सल्लागार नेमायला अनुदान मिळतं, सुरुवातीला ५० हजार डॉलरपर्यंत. सरळरेष म्हणतात तसा जाणकार हवाच. तो रहिवाशांच्या बाजूनेही एक हवा.

खुसखुशीत

टिप्पणीकार काका, सहाशे पानं वाचून होईपर्यंत भूजलच चालत आमच्या दारी येईल की हो! :)

गंमत सोडा, पण दहा पानांचा मराठी गोषवारा आणि एक मोठा नकाशा, इतकं तरी बंधनकारक करायला काय हरकत आहे? माझ्या आईला नकाशा चटकन कळतो. आपलं घर कुठे, ओढा कुठे, खड्डा कुठे.

सरळरेष

रहिवाशांचा स्वतःचा सल्लागार ही कल्पना मला पटली. गुणसूत्रांच्या पाहणीसारखी चूकही तो वेळीच दाखवून देईल.

मातीपरीक्षक

किती साफ म्हणजे साफ, यावर अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते सगळ्यात मोठी लढाई तीच.

कोडाइकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला. पाऱ्याने माखलेली काच भंगारवाल्याकडे सापडली होती. आवारातली माती किती साफ करायची यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. मान्य झालेली मर्यादा होती किलोमागे २० मिलिग्रॅम पारा. कार्यकर्त्यांचं म्हणणं, ब्रिटनमध्ये अशीच जागा असती तर याहून कितीतरी कडक मर्यादा लावली असती, मग इथल्या माणसाला कमी का? कंपनीच्या बाजूचं म्हणणं, फार कडक मर्यादा लावली तर उतारावरची झाडं काढावी लागतील आणि माती वाहून खाली जाईल. जागा पांबर शोला जंगलाला लागून आहे, खाली पाणलोट आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना वजन आहे.

आता सांगा, हा निर्णय शास्त्राने सुटतो का? किती पाऱ्याने किती धोका, ते शास्त्र सांगेल. झाडं जाऊ द्यायची की पारा राहू द्यायचा, हे ठरवायला प्रयोगशाळेत कुठलंही यंत्र नाही. माझं स्पष्ट मत आहे की मर्यादा ठरवतानाच स्थानिक लोक टेबलावर हवेत. जमिनीच्या वापराचंही तेच. घरांसाठीची मर्यादा कडक असते, गोदामांसाठीची सैल. कुणीतरी शांतपणे 'औद्योगिक वापर' असं लिहितो आणि हजारो टन माती उपसायची वाचते. पुढे जागेचा वापर बदलला तर?

अक्षांश

यावरून अमेरिकेतली हडसन नदी आठवली. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९७७ पर्यंत तीस वर्षं पीसीबी नदीत जात होतं. गाळ उपसावा की नाही यावर वरच्या भागातले लोक आणि खालची शहरं यांच्यात कडाक्याचा वाद. अनेक वरच्यांना बोटींचा धक्का, ट्रक, गाळ सुकवायचं केंद्र नको होतं, खालच्यांना स्वच्छ मासे हवे होते. २००२ मध्ये उपसायचा निर्णय झाला, काम २००९ ते २०१५ चाललं. लोकांचं ऐकून आवाज, वास, रात्रीचे दिवे, हवा आणि नौकानयन यांच्या मर्यादा आधी ठरवल्या होत्या. रात्रभर काम चालणार असेल तर दिव्यांचा झोत खिडकीत किती पडावा, हेसुद्धा लिहून ठेवलेलं.

म्हणजे मघाच्या माझ्याच प्रश्नाला पुरवणी : लोक एका आवाजात बोलतीलच असं धरून चालू नये.

कुंपणापलीकडे

अक्षांश, अगदी. आणि एका आवाजात बोलत नाहीत म्हणून विचारूच नये, असंही करू नये.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

युरोपात १९९८ चा आर्हस करार आहे. त्यात लोकसहभाग सगळे पर्याय खुले असताना व्हावा असं स्पष्ट लिहिलंय. भारत त्या करारात नाही, पण निकष म्हणून तो वापरायला कुणी अडवलेलं नाही. सासूबाईंची बाभूळ, भट्टीजवळचं गाव, पाऱ्याची मर्यादा, तिन्ही ठिकाणी पर्याय खुले असतानाची वेळ हुकली होती किंवा हुकता हुकता राहिली. मी सुरुवातीला आराखड्याच्या आधी एवढंच म्हणत होतो. आता म्हणेन, नमुन्यांचा पहिला नकाशा आखायच्याही आधी, आणि कचरा जिथे जाणार त्या गावालाही त्याच दिवसापासून.

टिप्पणीकार काका, जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, त्यात याला जागा आहे का?

टिप्पणीकार

नियमांची साखळी अशी : जिल्हा प्रशासन संशयित जागांची सहामाही यादी देणार, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर. दूषित ठरली तर जागा जाहीर करून तिथे जायला निर्बंध, मग तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा, जबाबदार कोण ते शोधून त्याच्याकडून खर्च वसूल. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातली तेलगळती हे त्यातून वगळलंय.

माझा सल्ला, पहिल्याच कडीला हात घाला. जिल्हा प्रशासनाला लेखी कळवा की अमुक जागा संशयित आहे, सोबत जुने फोटो, विहिरींची माहिती, टँकर पाहिलेल्यांचं निवेदन जोडा आणि पोच घ्या. मग प्राथमिक तपासणीचा नमुना-आराखडा माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून तपासणी सुरू व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे.

विहीरवाली

काका, हे फार कामाचं सांगितलंत. एक राहून गेलं. सफाई झाल्यावर काय? आमच्याकडे झाकून टाकलेला भाग आहे, कडेला निरीक्षणाच्या विहिरी आहेत. त्या कोण तपासणार आणि आकडे कुणाला दिसणार, याचं उत्तर कुणी देत नाही. एका विहिरीचं टोपण गेलंय, पावसाचं पाणी सरळ आत जातं.

जुना_नकाशा

ताई, सुपरफंडमध्ये जागेवर कचरा ठेवला असेल तर दर पाच वर्षांनी फेरतपासणी करावी लागते. लव्ह कॅनॉल २००४ मध्ये सुपरफंडच्या यादीतून निघालं, तरी तिथे देखरेख चालूच आहे.

मातीपरीक्षक

टोपण नसलेल्या विहिरीच्या आकड्यावर विसंबू नका, पावसाने नमुना पातळ होतो. आधी ते बसवून घ्या, फोटोसकट लेखी कळवा.

नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कुणाकुणाच्या हातात होता, याचा एक तक्ता असतो. त्याचा सोपा मराठी नमुना करून इथेच टाकतो, म्हणजे शेजारी उभं राहणाऱ्याला काय काय बघायचं ते कळेल. मातीचा आधी टाकू की पाण्याचा?

विहीरवाली

पाण्याचा. पुढच्या आठवड्यात माणसं येणार आहेत.